मृतांची पावती

एखाद्याच्या मरणाचा उपयोग दुसऱ्याने कशासाठी करावा, याला काही मर्यादा असते काय? मेलेला माणूस हरकत घेऊ शकत नाही. त्याच्या नावाने जे बोलले जाते ते त्याला निमूट सोसावे लागते. मग त्याच्या बाबतीत आपली जबाबदारी वाढते की संपते? हा प्रश्न आपल्या समाजाला अगदी जवळचा आहे. पण जवळच्या उदाहरणात आवाज चढतात आणि विचार मागे पडतो. म्हणून आम्ही मुद्दाम दूरचे उदाहरण घेत आहोत. ते आहे इंग्रजांच्या रग्बी या खेळाचे, आणि त्या खेळातल्या ज्या नामांकित खेळाडूंनी महायुद्धात लष्करी अधिकाऱ्याचा गणवेश चढवला त्यांचे.

मुंबई-पुण्यातली थोडी मैदाने सोडली तर आपल्या वाचकांचा या खेळाशी फारसा संबंध आलेला नाही. लांबट चेंडू, दोन्हीकडे पंधरा पंधरा गडी, चेंडू छातीशी धरून धावायचे आणि धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन खाली पाडायचे. आपल्या हुतूतूला थोडा जवळ, कुस्तीलाही थोडा जवळ. पण या खेळाच्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय करंडकात हिंदुस्थानची चांदी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलकत्त्यातल्या गोऱ्या लोकांनी १८७३ साली एक रग्बी क्लब काढला. तो चालेना, तेव्हा १८७८ मध्ये त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून एक पेला घडवला आणि विलायतेला पाठवून दिला. त्याला नागाच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून या ‘कलकत्ता कप’साठी सामना होत आला आहे. ते रुपये कुणाच्या घामाचे होते हा प्रश्न कुणी विचारला नाही. तो आजचा विषयही नाही.

२१ मार्च १९१४ रोजी एडिंबरात हा सामना झाला. इंग्लंडने तो १६ विरुद्ध १५ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या तीस जणांपैकी अकरा जण पुढच्या साडेचार वर्षांत युद्धात मेले.

इंग्लंडच्या संघाचा कप्तान होता रोनाल्ड पोल्टन. ऑक्सफर्डच्या एका प्राणिशास्त्रज्ञाचा मुलगा. मामाच्या बिस्किटांच्या मोठ्या कारखान्याचा वारसा मिळाला तेव्हा अटीप्रमाणे त्याने ‘पामर’ हे आडनाव जोडून घेतले. गरीब वस्तीतल्या पोरांच्या क्लबात तो रमत असे. कलकत्ता कपानंतर तीन आठवड्यांनी फ्रान्सविरुद्ध त्याने एकट्याने चार वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपार नेला. वर्षभराने, ५ मे १९१५ च्या मध्यरात्रीनंतर, बेल्जियममधल्या एका जंगलाच्या कडेला खंदकाची डागडुजी चालू असताना दुरून आलेली एकच गोळी त्याला लागली. तो पंचवीस वर्षांचा होता, लेफ्टनंट होता. चढाई नव्हती, झुंज नव्हती. ज्याने गोळी झाडली त्याला तो कोण हे ठाऊक नव्हते, आणि मरणाऱ्याला मारणारा दिसला नाही.

असे अनेक. स्कॉटलंडच्या आजीमाजी खेळाडूंतले तीसच्या आसपास, इंग्लंडचे पंचवीसहून अधिक, फ्रान्सचे वीसहून अधिक, वेल्स, आयर्लंड, न्यूझीलंड यांचे वेगळेच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या खेळाडूंत अधिकारी इतके का होते, याचे कारण शौर्यात शोधायची गरज नाही. तिथे रग्बी हा मुख्यतः खासगी शाळांतल्या सुखवस्तू मुलांचा खेळ होता. त्या शाळांतून १९०८ पासून कवायतीची पथके चालत, आणि युद्ध सुरू होताच अशा शाळेतून आलेल्या मुलाला थेट कमिशन मिळे. प्लाटूनच्या पुढे चालणाऱ्या या तरुण लेफ्टनंटांचे मरणाचे प्रमाण साध्या शिपायांपेक्षा जास्त होते, हेही तितकेच खरे आहे. पुढे चालण्याचा मान त्यांना वर्गाने मिळवून दिला आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ऑगस्ट १९१४ मध्ये रग्बी युनियनने पत्रक काढून आपल्या खेळाडूंना भरती होण्याचे आवाहन केले आणि सामने बंद केले. १९१५ मध्ये एक भित्तिपत्रक निघाले. रग्बीवाले आपले कर्तव्य बजावत आहेत, त्यांच्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक भरती झाले आहेत, आणि इतर खेळाडूहो, तुमचे काय, असा त्याचा आशय होता. त्यातली खोच कुणाला लागावी हे इंग्लंडात सर्वांना कळत होते. फुटबॉलला.

फुटबॉलची लीग १९१५ च्या वसंतापर्यंत चालू राहिली. फुटबॉल हा कामगारांचा खेळ, त्यातले गडी पगारी. क्लबशी त्यांचे करार झालेले, घर त्या पगारावर चाललेले. बिस्किटांच्या कारखान्याच्या वारसाला एका दिवसात बॅट-बॉल खुंटीला टांगता येतो. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला तसे येत नाही. पण हा फरक कोण लक्षात घेणार? वर्तमानपत्रांतून फुटबॉलपटूंना भित्रे, देशाशी बेइमान ठरवले जाऊ लागले. एडिंबराचा ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ हा संघ तेव्हा स्कॉटलंडच्या लीगमध्ये सर्वांत वर होता. टवाळीला तोंड देता देता नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याचे खेळाडू एका पलटणीत जवळजवळ घोळक्यानेच भरती झाले. त्यांच्यातले तिघे १ जुलै १९१६ या एकाच दिवशी, सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, पडले. त्यानंतर त्यांना कुणी भित्रे म्हटले नाही.

युद्ध संपल्यावर तर रग्बीच्या मृतांचा हिशेब फार उपयोगी पडला. अनेक शाळांनी फुटबॉल सोडून रग्बी धरली, कारण कसोटीच्या वेळी कोणता खेळ देशाच्या कामी आला हे म्हणे सिद्ध झाले होते. पोल्टन-पामर आणि इतर यांची नावे अशा रीतीने एका खेळाच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला पडली.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या ओठांवर एव्हाना दुसरी दोन नावे आली असतील. आपल्याकडे पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, किंवा कुठे दंगल होऊन गेल्यानंतरच्या शांतता समितीच्या सभेत आपला वक्ता उभा राहतो आणि म्हणतो, हवालदार अब्दुल हमीद कोण होते? ब्रिगेडियर उस्मान कोण होते? टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत अभिमान असतो, आणि अभिमानापेक्षा सुटकेची भावना जास्त असते. जणू कचेरीच्या खिडकीवर कारकुनाने कागद मागितला आणि सुदैवाने तो खिशात निघाला.

या वक्त्याला आम्ही दोष देत नाही. ज्याच्याकडे रोज दाखला मागितला जातो त्याला दाखला जवळ ठेवावाच लागतो. एडिंबराच्या फुटबॉलपटूंनाही तो द्यावा लागला. पण दाखला देणाऱ्याने दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली, दाखला दाखवताच मागणाऱ्याचा मागण्याचा हक्क आपण मान्य करतो. रग्बीवाल्यांकडे कुणी दाखला मागितला नव्हता, त्यांनी तो आपणहून मिरवला आणि दुसऱ्याकडे बोट दाखवले. म्हणून त्यांचा दोष मोठा. दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. दाखला होताना मेलेल्या माणसाचे काय होते?

कलकत्ता कपाच्या त्याच सामन्यात स्कॉटलंडकडून जेम्स हगन नावाचा तरुण खेळला. त्याचा तो पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, त्यात त्याने गुणही मिळवले. तो डॉक्टर होता, सैन्याच्या वैद्यकीय दलात लेफ्टनंट. सप्टेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या एन नदीकाठी त्याच्या हद्दीत एक धान्याचे कोठार होते आणि त्यात साठेक जखमी जर्मन पडले होते. जर्मन तोफांच्याच माऱ्याने त्या कोठाराला आग लागली. हगनने स्वयंसेवक मागितले आणि तोफगोळे पडत असताना त्या जखमी शत्रूंना बाहेर काढले. दोन दिवसांनी, १६ सप्टेंबरला, तो स्वतः तोफगोळ्याने मेला.

आता हगनला कोणत्या रकान्यात घालायचे? १९१५ च्या त्या भित्तिपत्रकाच्या हिशेबात तो एक आकडा आहे, पोल्टन-पामर हा दुसरा आकडा, आणि दोन्ही आकड्यांचे वजन सारखे. आग लागलेल्या कोठारात शिरताना त्याच्या मनात देश होता, पेशा होता, की फक्त आतून येणाऱ्या किंकाळ्या होत्या? हिशेबाला त्याच्याशी कर्तव्य नाही. उलट, त्याने वाचवले ते जर्मन होते हे भरतीच्या पत्रकात अडचणीचेच ठरले असते.

आपल्या परंपरेत अमलाची किंमत नियतीवर ठरते, हे मदरशातल्या लहान मुलालाही शिकवतात. मौलाना रूमींनी मसनवीत हजरत अली (रजि.) यांची एक हकीकत सांगितली आहे. रणांगणात त्यांनी एका शत्रूला खाली पाडले, वार करणार तोच त्याने त्यांच्या चेहऱ्यावर थुंकले. हजरत अलींनी तलवार खाली टाकली. शत्रू चकित झाला. त्यांचे म्हणणे असे की, आतापर्यंत मी अल्लाहसाठी लढत होतो, तू थुंकल्यावर माझा राग त्यात मिसळला. आता वार केला तर तो माझ्यासाठी होईल. हात तोच, तलवार तीच, समोरचा माणूसही तोच. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसला नसता. फरक आतला होता, आणि सगळे त्यावरच अवलंबून होते.

ही हकीकत आपण इतक्यांदा ऐकतो की तिची धार जाते. तिचा एक अर्थ असा की, रणांगणावरच्या माणसाच्या कृतीची किंमत तिसऱ्या माणसाला बाहेरून सहज लावता येत नाही. मग एखाद्या संस्थेने, खेळाने, जमातीने किंवा पक्षाने ती आपल्या खात्यावर कशी जमा करावी?

इथे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. खेळाच्या मैदानावर जे गुण अंगी येतात तेच रणांगणावर कामाला येतात, म्हणून खेळाला श्रेय द्यायला हरकत नाही, असे ते म्हणणे आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. मार खाऊन उठणे, सोबत्यासाठी स्वतःचे अंग पुढे करणे, दमल्यावरही डोके शांत ठेवणे या गोष्टी रग्बी शिकवते. पण या गुणांना स्वतःची दिशा नसते. ब्लेअर मेन याचे उदाहरण घ्या. लोक त्याला पॅडी म्हणत. आयर्लंडकडून खेळलेला, १९३८ मध्ये ब्रिटिश बेटांच्या संघातून दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलेला, शिक्षणाने वकील, आडदांड शरीराचा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या नव्या छापामार दलात अधिकारी होता. डिसेंबर १९४१ मध्ये लिबियातल्या तामेत इथल्या विमानतळावर त्याने रात्री छापा घातला. तिथल्या एका खोलीत शत्रूचे वैमानिक आरामात बसले होते. मेनने दार उघडले आणि साथीदारांसह आत गोळ्यांचा पाऊस पाडला. मग बाहेर उभी असलेली विमाने उडवली. त्या दलाचा संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग यालाही ती खोलीतली कत्तल नंतर खटकली होती.

(तो लिबिया तोच, जिथे दहा वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९३१ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या उमर मुख्तार यांना इटालियनांनी फासावर दिले होते. आता त्याच वाळवंटात दोन युरोपीय पक्ष एकमेकांना मारत होते आणि तिथल्या लोकांना कुणी काही विचारत नव्हते.)

मेनचे धैर्य हगनपेक्षा कमी होते असे कोण म्हणेल? त्याला शौर्यपदक चार वेळा मिळाले. एकाच खेळाचे दोन खेळाडू, दोघेही गणवेशातले, दोघांचीही निधडी छाती. एकाने दार उघडून शत्रूला बाहेर काढले, दुसऱ्याने दार उघडून शत्रूला मारले. युद्धात दुसरे काय करणार, असे मेनचा वकील म्हणेल आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. त्या वैमानिकांनी सकाळी उठून बाँबच टाकले असते. पण मग रग्बीने यांतले नेमके काय शिकवले? मेन युद्धातून जिवंत परतला, बेलफास्टला वकिलांच्या संस्थेचा सचिव झाला, पाठीच्या दुखण्याने आणि दारूने त्रासला, आणि १९५५ च्या डिसेंबरात एका रात्री मोटार अपघातात मेला. जिवंत परतलेला वीर यादीला गैरसोयीचा असतो. तो बोलतो, पितो, त्याला म्हातारपण येते. मृत किती सोयीचे!

एडगर मॉब्जची गोष्ट आणखी वेगळ्या कारणाने आमच्या मनातून जात नाही. नॉर्दॅम्प्टनचा लाडका खेळाडू, इंग्लंडचा माजी कप्तान. १९१४ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने कमिशन मागितले तेव्हा वय जास्त म्हणून नाकारले. तो साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि एकटा गेला नाही. त्याने नुसते आवाहन केले आणि अडीचशेच्या वर माणसे त्याच्यामागे आली. त्यांची स्वतंत्र कंपनीच झाली, तिला लोक त्याच्याच नावाने ओळखत. पुढे तो चढत चढत लेफ्टनंट कर्नल झाला, पलटणीचा प्रमुख झाला, आणि ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये एका मशीनगनवर चालून जाताना मेला. त्याचा देह सापडला नाही. त्याच्यामागे गेलेल्यांतले अनेक परतले नव्हते.

मॉब्जने स्वतःचा जीव दिला, त्याबद्दल आम्ही काही बोलणार नाही. पण त्या अडीचशे जणांचे काय? ते युद्धाच्या कारणासाठी गेले की मॉब्जसाठी? ज्याच्यावर लोक प्रेम करतात त्याच्या शब्दाला असे वजन येते की ऐकणारा स्वतःचा विचार बाजूला ठेवतो. ती अमानत आहे. कळपाच्या राखणदाराला कळपाबद्दल विचारले जाईल, हे आपण मानतो. मॉब्जच्या बाजूने एवढे तरी म्हणता येते की त्याने लोकांना पुढे ढकलून स्वतः मागे राहणे पसंत केले नाही. आपल्याकडच्या, आणि सर्वच समाजांतल्या, गर्दी जमवणाऱ्या मंडळींना ही फूटपट्टी लावली तर किती जण टिकतील, याचा हिशेब वाचकांनी करावा.

आता अधिकारी या शब्दाकडे पुन्हा पाहू. जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मामेत्झच्या जंगलात वेल्सचे दोन आंतरराष्ट्रीय खेळाडू एकाच पलटणीत होते. जॉनी विल्यम्स कॅप्टन होता, डिक थॉमस हा पोलिसातला माणूस कंपनी सार्जंट मेजर होता. वेल्सची लाल जर्सी दोघांनीही घातलेली. थॉमस ७ जुलैला पडला, विल्यम्स जखमी होऊन १२ जुलैला मेला. न्यूझीलंडचा १९०५ चा विख्यात कप्तान डेव्ह गॅलाहर ऑक्टोबर १९१७ मध्ये मेला तेव्हा सार्जंटच होता. निदान यांची नावे राहिली, कारण ती खेळाने राखली.

ज्यांच्यामागे खेळ नव्हता त्यांचे काय झाले? त्याच युद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि त्या काळच्या मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्या तुकड्या असत. समोर होती तुर्कांची फौज, म्हणजे ज्याला ते खलिफा मानत त्याची फौज. बगदाद आणि करबला ही नावे त्यांनी लहानपणापासून ऐकली होती. तिथे ते बंदुका घेऊन निघाले होते, पगारासाठी, खाल्ल्या मिठासाठी, किंवा घरी दुष्काळ होता म्हणून. डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन कुत इथे वेढ्यात अडकली, घोडे खाऊन जगली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली, त्यांतली हजारो परतली नाहीत. हिंदी माणसाला लढाऊ अधिकाऱ्याचे राजाचे कमिशन १९१७ पर्यंत मिळतच नव्हते. जमादार-सुभेदाराच्या वर त्याची वाट बंद होती.

या दखनी मुसलमानांची नावे आपल्या कुठल्याही भाषणात येत नाहीत. खिलाफतीच्या इतिहासाला ते अडचणीचे, कारण ते तुर्कांशी लढले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाला अडचणीचे, कारण ते इंग्रजांसाठी लढले. पावती म्हणून ते कुठल्याच खिडकीवर चालत नाहीत. म्हणून त्यांच्याविषयी विचारतो की, पावती म्हणून जो चालत नाही त्याचे आपण काय करतो? उस्मानसाहेबांची आठवण आपण काढतो ती ते उपयोगी पडतात म्हणून, की झांगर परत मिळेपर्यंत खाटेवर झोपणार नाही अशी शपथ घेणारा तो हट्टी, हळवा माणूस आपल्याला खरोखर आवडतो म्हणून? ३ जुलै १९४८ ला ते पडले तेव्हा छत्तीस वर्षांचे व्हायला त्यांना बारा दिवस बाकी होते. त्यांचा गाव, त्यांचा स्वभाव, पाकिस्तानात मोठ्या हुद्द्याचे बोलावणे असताना इथेच राहताना त्यांच्या मनात काय चालले असेल, याबद्दल आपल्या सभांतून एक वाक्यही ऐकू येत नाही. नाव घेतले, टाळी पडली, पुढचा वक्ता उठला.

बसऱ्याजवळ इंग्रजांनी मेसोपोटेमियातल्या मृतांचे एक मोठे स्मारक उभारले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे. गोऱ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची नावे त्याच्या दगडात कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव लिहून खाली नुसता आकडा कोरला गेला. २०२१ मध्ये युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या ब्रिटिश आयोगाने चौकशी अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि माफी मागितली. ती नावे शोधण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. दगडावर आकडा कोरताना कुणालाही ते विचित्र वाटले नसेल. पलटणीच्या हिशेबात तो आकडा बरोबरच होता.